चुलत भावांचा वाद

आपल्या कॉलनीतील तरुण मंडळी एकत्र जमली की ‘अँड्रॉइड चांगले की आयफोन’ हा वाद हमखास रंगतो. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. संगणक हा माझा व्यवसाय नव्हे, केवळ आवड. पण आवडीपोटी जे वाचले त्यावरून एवढे नक्की सांगतो की हा वाद चुलत भावांमधला आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा सेक्शन कंट्रोलर. कोणती गाडी पुढे काढायची, कोणती लूप लाइनवर थांबवायची हे कंट्रोलर ठरवतो. तसेच कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर आणि मेमरी केव्हा द्यायची, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते.

१९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची बेल लॅब्ज यांनी मिळून ‘मल्टिक्स’ ही प्रणाली हाती घेतली. एका मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, हा उद्देश. काम लांबत गेले आणि १९६९ साली बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली. त्याच वर्षी तेथील केन थॉम्पसन यांनी फारसा वापरात नसलेला पीडीपी-७ हा छोटा संगणक घेतला. पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन कॅलिफोर्नियाला सासरी गेली होती. तेवढ्या अवधीत, तीनेक आठवड्यांत, ‘युनिक्स’चा सांगाडा उभा राहिला! पुढे डेनिस रिची यांनी ‘सी’ भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्स त्या भाषेत नव्याने लिहिली गेली. त्यामुळे ती एकाच जातीच्या यंत्राला बांधलेली राहिली नाही. वाघिणी जोडून मालगाडी करावी तसे लहान लहान प्रोग्रॅम जोडून मोठे काम करायचे, ही तिची रीत.

ती जगभर पसरली त्याला मात्र एक सरकारी बंधन कारण झाले. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टीला टेलिफोनखेरीज अन्य धंद्यात उतरता येत नव्हते. म्हणून विद्यापीठांना युनिक्स मूळ लिखाणासह नाममात्र किमतीत मिळाली. बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी तिच्यात भर घालून ‘बीएसडी’ ही शाखा काढली. ऑस्ट्रेलियात प्राध्यापक जॉन लायन्स यांनी तिच्यावर ओळीओळीने टीका लिहिली. पुढे कंपनीने नियम कडक केले, हे लिखाण वर्गात शिकवण्यास बंदी आली. तेव्हा लायन्स यांच्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती हातोहात फिरल्या. ते रीतसर छापले गेले १९९६ मध्ये.

१९८४ साली एटी अँड टीचे विभाजन झाले आणि कंपनीला युनिक्सचा धंदा करण्याची मोकळीक मिळाली. पण दार बंद होताना पाहून लोक स्वस्थ बसले नाहीत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्येच ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला होता. ॲम्स्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये शिकवण्यासाठी ‘मिनिक्स’ लिहिली. ती अभ्यासून हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’ सुरू केली.

आता नाती पाहा. ॲपलने नेक्स्ट ही कंपनी विकत घेतली. तिच्या प्रणालीत बीएसडीचा अंश होता. त्यातून २००१ साली मॅक ओएस एक्स आली आणि तिच्यातूनच आयफोनची प्रणाली. हे रक्ताचे नाते. अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्स आहे. लिनक्सने युनिक्सचे मूळ लिखाण घेतले नाही, गायकी मात्र त्याच घराण्याची उचलली.

विंडोजचे घराणे निराळे. आजच्या विंडोजचा पाया असलेली ‘एनटी’ १९९३ साली आली. तिचे प्रमुख शिल्पकार डेव्हिड कटलर यांनी त्याआधी डिजिटल कंपनीत ‘व्हीएमएस’ घडवली होती. आपल्या रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८० च्या दशकात दिल्लीत सुरू झाले ते याच व्हीएमएसवर. म्हणजे आरक्षणाच्या खिडकीचेही विंडोजशी नाते निघते!

आमच्या कारखान्यांत एखादा जुना मिस्त्री निवृत्त झाला की त्याचे कसब त्याच्याबरोबर जाते, कारण ते कोणी लिहून ठेवलेले नसते. युनिक्सचे तसे झाले नाही. ती कागदावर होती आणि तो कागद विद्यार्थ्यांच्या हाती पडला. घरातल्या मुलांना मोबाइल देताना ही गोष्टही जरूर सांगावी.