सैनिकांच्या हाती कुदळ

ऱ्होन नदी आल्प्स पर्वतातून उतरताना इतका गाळ आणते, की समुद्राला मिळता मिळता तिची तोंडे त्या गाळानेच बुजू लागतात. इ. स. पूर्व १०४ च्या सुमारास ट्यूटन व किंब्री या टोळ्यांची वाट अडवून बसलेल्या रोमन सेनापती मारियसला प्रथम या गाळाशीच झुंजावे लागले. धान्याची गलबते नदीत शिरेनात. शत्रूचा तर अद्याप पत्ता नव्हता. तेव्हा रिकाम्या बसलेल्या सैनिकांच्या हाती त्याने कुदळी दिल्या, समुद्राच्या शांत किनाऱ्यापर्यंत नवा कालवा खणविला आणि नदीचे बरेचसे पाणी त्यात वळविले.

इ. स. पूर्व १०२ मध्ये ट्यूटनांचा पराभव झाल्यावर हा कालवा मारियसने मसिलिया या मित्रनगरीला, म्हणजे आजच्या मार्सेयला, पारितोषिक म्हणून दिला. सैन्याच्या रसदीची वाट आता जकातीचे नाके झाली. येणाऱ्या-जाणाऱ्या नौकांवर कर बसवून त्या नगरीने पुष्कळ संपत्ती मिळविली. नदीने मात्र आपला स्वभाव सोडला नाही. शंभरएक वर्षांनी लिहिणारा भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो, की गाळ साचतच होता आणि किनारा इतका सखल, की वादळी हवेत जवळूनही दिसू नये. म्हणून मसिलियाच्या लोकांनी तेथे खुणेचे मनोरे उभारले.

उत्तरेकडे ऱ्हाइनच्या मुखाशी अडचण निराळी होती. इ. स. ४७ मध्ये सेनापती कॉर्बुलो जर्मनांवर चाल करून निघाला असता सम्राट क्लॉडियसने त्याला माघारी बोलाविले. त्याने आज्ञा पाळली. परंतु फौज आळसावू नये म्हणून ऱ्हाइन व म्यूज या नद्यांमध्ये २३ रोमन मैलांचा कालवा खणविला. त्यामुळे नौकांना खवळलेल्या उत्तर समुद्राच्या तोंडी जाण्याचे कारण उरले नाही. हॉलंडमधील उत्खननांत हा कालवा सुमारे १२ ते १४ मीटर रुंद आढळला. भुसभुशीत काठ ढासळू नयेत म्हणून तेथे लाकडी मेढी ठोकलेल्या होत्या, आणि त्यांच्या लाकडातील वर्तुळे इ. स. ५० च्या सुमाराची साक्ष देतात. पुढे दुसऱ्या शतकात याच पाण्याच्या काठी, आजच्या फोरबुर्ख येथे, फोरुम हाड्रियानी हे नगर नांदले व त्याला बंदर लाभले.

युद्ध नाकारणाऱ्या सम्राटाने कॉर्बुलोला विजयाची मानचिन्हे मात्र दिली. खणणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हे इतिहासकार टॅसिटस लगेच पुढच्या हकीकतीत सुचवितो. कुर्टियस रूफस नावाच्या दुसऱ्या सेनापतीने चांदीच्या खाणीसाठी सैनिकांकडून पाट खणवून घेतले. त्रासलेल्या सैनिकांनी सम्राटाला गुप्तपणे पत्र लिहिले, की यापुढे सेनापतीच्या हाती सैन्य देतानाच त्याला विजयाचा मान देऊन टाकावा! विनोद कडू खरा, पण त्यात बरेच तथ्य आहे.

इ. स. ५८ मध्ये लुसियस व्हेटसने मोझेल व सोन या नद्या कालव्याने जोडण्याचा बेत केला. तो सिद्धीस जाता तर भूमध्य समुद्रातून निघालेला माल ऱ्होन, सोन, मोझेल व ऱ्हाइन या मार्गाने जलवाटेनेच उत्तर समुद्रास पोहोचता. पण शेजारच्या बेल्जिका प्रांताचा अधिकारी एलियस ग्रासिलिस याला मत्सर वाटला. परक्या प्रांतात सैन्य आणून गॉल लोकांची मर्जी संपादू नये, सम्राटाला संशय येईल, असे त्याने व्हेटसला बजावले. तेवढ्यावर काम थांबले. त्या दोन नद्यांची गाठ कालव्याने पडली ती एकोणिसाव्या शतकात, फ्रेंचांच्या हातून.