मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३ वर्षं बायकांच्या बैठका झाल्या, १८ हजार जन्म मोजले आणि निकाल आला, “फरक पडला नाही”

२००६ साली मुंबईतल्या काही झोपडपट्ट्यांमध्ये दर पंधरवड्याला बायकांच्या बैठका भरायला लागल्या. वस्तीतलीच एक बाई त्या भरवायची. तिला ‘सखी’ म्हणायचे. गप्पांचा विषय असायचा गरोदरपण, बाळंतपण आणि बाळाचा पहिला महिना. कुणाला काय त्रास झाला, कुणाला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, कुणाचं बाळ गेलं, हे एकमेकींना सांगायचं आणि मग त्यावर आपल्या वस्तीत काय करता येईल ते ठरवायचं.

बाहेरून बघणाऱ्याला हा भिशीचा गट वाटला असता. पण हा एक मोठा आणि काटेकोर वैद्यकीय प्रयोग होता.

याला लोकसहभागी संशोधन म्हणतात. एरवी सर्व्हे करणारा येतो, फॉर्म भरतो आणि निघून जातो. त्या फॉर्मचं पुढं काय झालं हे वस्तीला कधीच कळत नाही. लोकसहभागी संशोधनात मात्र अडचण कोणती हे वस्ती सांगते, उपाय तीच ठरवते आणि त्या उपायाने खरंच काही झालं का, ते संशोधक मोजतात.

मुळात ही कल्पना खेड्यांतली. १९९०च्या दशकात बोलिव्हियात ती वापरून बघितली गेली. मग नेपाळच्या मकवानपूर या डोंगराळ जिल्ह्यात तिची पद्धतशीर चाचणी झाली. तिथं गटांच्या बैठका घेणाऱ्या बायका स्थानिकच होत्या, नर्स किंवा डॉक्टर नव्हत्या. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. जिथं गट चालले, तिथं नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. नुसत्या बैठकांनी एवढा फरक पडतो म्हटल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न आला, हे शहरात चालेल का?

मुंबईत हा प्रश्न फार महत्त्वाचा होता. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईतले ४० टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहणारे निघाले. प्रयोगाची जबाबदारी घेतली ‘स्नेहा’ या संस्थेने. सायन हॉस्पिटलच्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती १९९९ मध्ये उभी केली. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सायनला सुरू करणाऱ्या नवजात बाळांच्या डॉक्टर त्या याच. सोबत महापालिका होती आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे संशोधक होते.

एकूण ४८ वस्त्या निवडल्या, लोकसंख्या २ लाख ८३ हजार. त्यातल्या २४ वस्त्यांत गट चालवायचे, उरलेल्या २४ मध्ये नाही. कुठली वस्ती कुठल्या बाजूला जाणार हे सोडतीसारखं ठरलं. म्हणजे मुळातच बऱ्या स्थितीतल्या वस्त्या एका बाजूला जमल्या, असं नंतर कुणाला म्हणता येऊ नये. वस्तीत कुणाला मूल झालं, कुणाचं गेलं, याची खबर तिथल्याच बायका द्यायच्या. बाळ सहा आठवड्यांचं झालं की आईची मुलाखत व्हायची. या खबर देणाऱ्या बायकांचं काम फारसं कुणाच्या नजरेत येत नाही, पण त्यांच्याशिवाय हा हिशेब लागलाच नसता. तीन वर्षांत १८,१९७ जन्म मोजले गेले.

२०१२ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये निकाल आला.

गरोदरपणातली तपासणी, आराम, आहार, दवाखान्यात बाळंतपण, लगेच आणि निव्वळ स्तनपान, आजारपणात उपचार घेणं, यातल्या कशातच दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत फरक दिसला नाही. पहिल्या महिन्यातले बाळांचे मृत्यू तर गट चाललेल्या वस्त्यांत जास्त निघाले. बैठकांमुळे ते वाढले असं मानायला संशोधकांना काही पुरावा सापडला नाही. पण आकडा त्यांनी लपवला नाही, निबंधाच्या सुरुवातीच्या सारांशातच छापला. स्वतःच्या तीन वर्षांच्या कामाबद्दल असं लिहायला हिंमत लागते.

मग नेपाळमध्ये जमलं ते मुंबईत का नाही जमलं?

एक तर मुंबईतल्या या वस्त्यांत बहुतेक बायका आधीच तपासणीला जात होत्या, बाळंतपण दवाखान्यातच करत होत्या. डोंगरातल्या गावात घरातली एक सवय बदलली तरी बाळ वाचू शकतं. शहरात अडतं ते पुढच्या पायरीवर. पालिकेचं प्रसूतिगृह, मोठं हॉस्पिटल, गल्लीतला खासगी नर्सिंग होम, यातलं कुठं जायचं, तिथं खाट मिळेल का, किती पैसे लागतील, आत गेल्यावर कुणी नीट बघेल का? सखी एखादीला वेळेत नाव नोंदवायला लावू शकते, पण प्रसूतिगृहात रात्री डॉक्टर हजर ठेवणं तिच्या हातात नाही.

शिवाय शहरातली वस्ती म्हणजे एक गाव नसतं. भाड्याची खोली बदलते, पहिल्या बाळंतपणाला अनेकजणी माहेरी जातात, घरकाम किंवा मजुरी करणारीला दुपारच्या बैठकीला येणं परवडत नाही. आणि नेमकी तीच सगळ्यात गरजू असते.

हा मुद्दा पुढं आकड्यांतूनही दिसला. २०१३ मध्ये भारत, नेपाळ, बांगलादेश आणि मलावी इथले असे ७ प्रयोग एकत्र करून तपासले गेले. त्यात मुंबईचाही होता, आणि झारखंड-ओडिशातल्या आदिवासी भागातला ‘एकजुट’ संस्थेचा यशस्वी प्रयोगही. जिथं निदान ३० टक्के गरोदर बायका गटात आल्या, तिथं बाळांचे आणि आयांचेही मृत्यू ठळकपणे कमी झाले होते. मुंबईत ते प्रमाण गाठलं गेलं नव्हतं.

संशोधकांचं म्हणणं असं, की शहरात नुसतं लोकांना संघटित करून भागत नाही. सगळ्यात गरीब घरांपर्यंत सेवा न्यावी लागते आणि सरकारी-खासगी दोन्हीकडच्या उपचारांचा दर्जा सुधारावा लागतो.

‘स्नेहा’ने नंतर दुसरा प्रयोग केला. यावेळी ४० वस्त्या घेतल्या आणि त्यातल्या निम्म्यांत थेट केंद्रंच उघडली. तिथं माहिती मिळायची, योग्य दवाखान्यात पाठवलं जायचं, कुपोषित मुलांकडे लक्ष दिलं जायचं, घरात मारहाण होणाऱ्या बाईला मदत मिळायची. २०१७ मध्ये त्याचा निकाल आला. ज्या बायकांना मूल इतक्यात नको किंवा आता नकोच होतं, त्यांच्यापैकी गर्भनिरोधक साधनं मिळालेल्यांचं प्रमाण केंद्रं असलेल्या वस्त्यांत जास्त होतं. लसीकरण आणि मुलांच्या वजन-उंचीत मात्र एकूण वस्तीच्या पातळीवर ठाम फरक सापडला नाही. हेही त्यांनी तसंच छापलं.