टेलिफोनचा खटला

एखादी युक्ती कळली म्हणजे ‘त्यात काय मोठेसे!’ म्हणणारे गावोगाव भेटतात. पेटंटच्या खटल्यांत हीच शंका झगा चढवून उभी राहते: जुन्या यंत्रावरून ही पायरी कोणाही जाणत्या कारागिराला सहज सुचली नसती काय? अमेरिकेत १८५१ साली हा प्रश्न दाराच्या मुठीवरून निघाला, आणि १९५२ साली तो कायद्याच्या कलमात बसला. पण त्याचा खरा कस, आमच्या मते, टेलिफोनच्या खटल्यांत लागला.

फ्रीड्रिक्सडॉर्फचे शिक्षक फिलिप राइस यांनी १८६१ मध्ये फ्रँकफुर्टला तारेतून सूर पाठवून दाखविले होते. त्यांच्या यंत्रात आवाजाने पडदा थरथरे व प्रत्येक कंपाबरोबर प्रवाह जुळे आणि तुटे. सेकंदाला कंप किती, म्हणजे स्वर उंच की खालचा, एवढे त्यातून पोचे. पण ‘आ’ कोणता आणि ‘ई’ कोणता, हे नुसत्या जुळण्या-तुटण्यातून कसे कळावे? अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८७६ च्या पेटंटात प्रवाह तुटूच दिला नाही. हवेच्या कंपांबरहुकूम तो कमीजास्त होत राहावा, अशी योजना केली.

प्रतिपक्षाचा मुद्दा मात्र पोरकट नव्हता. राइसच्या यंत्राची टोके हलकेच अशी जुळवली की ती सुटतच नाहीत, तर तेच यंत्र बोलू लागते! मग बेलने नवे ते काय केले? १९ मार्च १८८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ही जुळवणी बेलच्या शोधानंतर सुचलेली आहे. राइसची वाट प्रवाह तोडण्याचीच होती. न्यायाधीश लोवेल तर १८८१ मध्येच म्हणाले होते, की राइसच्या वाटेने शंभर वर्षे चालूनही बोलता टेलिफोन हाती लागला नसता. आम्हांला हे पटते. मागाहूनचे शहाणपण पुराव्यात धरले, तर कोणताच शोध शोध उरणार नाही.

तरीही निकाल चार विरुद्ध तीन असा निसटता लागला. पेनसिल्व्हेनियातील कारागीर डॅनियल ड्रॉबॉ याने बेलच्या आधीच बोलते यंत्र केले होते, असे तिघा न्यायमूर्तींचे मत पडले. पैशाअभावी आपल्याला पेटंट घेता आले नाही, असे त्याचे म्हणणे होते. बहुमताला ते पटले नाही.

सरन्यायाधीश वेट आजारी असल्याने त्यांचा निकाल न्यायमूर्ती ब्लॅचफर्ड यांनी वाचला. चौथ्या दिवशी वेट वारले. निकालपत्रांचा १२६ वा खंड सबंध या एकाच प्रकरणाने भरला आहे.