सेवाबंदी हल्ला : सर्व्हरच्या दारातील कोंडी

संकेतस्थळ सुरू असूनही ते वापरकर्त्यापर्यंत पोहोचू न देणे, याला सेवाबंदी हल्ला अर्थात 'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणतात. यात माहिती चोरली जात नाही. तिची वाट अडवली जाते. दहावीच्या निकालाच्या दिवशी नाशिक विभागीय मंडळाच्या कक्षेतील नाशिक, धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतील विद्यार्थी एकाच वेळी निकाल पाहू लागतात, तेव्हा सर्व्हरवर ताण येतो. ही गर्दी खरी असते. हल्लेखोर तशीच कोंडी हेतुपुरस्सर घडवतो.

दोन मार्ग

पहिला मार्ग संख्याबळाचा. असंख्य संगणकांवरून एकाच वेळी मारा केला जातो. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांवर असा हल्ला झाला. ग्राहकांचे इंटरनेट मंदावले आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

दुसरा मार्ग सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमधील उणिवेचा. त्यासाठी एखादा संगणकही पुरतो. जून २००९ मध्ये रॉबर्ट हॅन्सन यांनी 'स्लोलोरिस' हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो सर्व्हरला अर्धवट विनंती पाठवतो आणि थोड्या थोड्या वेळाने तिला एकेक ओळ जोडत राहतो. पोस्टाच्या प्रत्येक खिडकीशी कोणी अर्धाच अर्ज भरत उभे राहावे, तसा हा प्रकार. 'अपाची' सर्व्हर विनंती पूर्ण होण्याची वाट पाहत राही. जोडण्यांची मर्यादा संपली, की नव्या वापरकर्त्याला जागाच उरत नसे. विनंती अपुरी असल्याने तिची नोंदही तत्काळ होत नसे.

ऑगस्ट २०११ मध्ये अपाचीतील आणखी एक उणीव उघड झाली. तुटलेले डाउनलोड पुढे सुरू करता यावे, म्हणून फाइलचा ठरावीक भाग मागण्याची सोय असते. एकाच विनंतीत असे शेकडो भाग मागितले, की सर्व्हरची मेमरी संपत असे. त्याच महिन्याच्या अखेरीस सुधारित आवृत्ती आली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'रॅपिड रीसेट' प्रकारात विनंती करून ती लगेच रद्द केली जाते. सर्व्हरचे काम मात्र सुरू झालेले असते. गुगलने असा सेकंदाला ३९.८ कोटी विनंत्यांचा मारा नोंदवला.

उपाय आणि कायदा

या तिन्ही प्रकारांत विनंती खरी की खोटी हे कळण्याआधीच सर्व्हर आपली साधने गुंतवतो. त्यामुळे प्रतीक्षेला कालमर्यादा घालणे, एका पत्त्यावरून येणाऱ्या जोडण्या मोजक्या ठेवणे आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करणे आवश्यक ठरते. तथापि, महाविद्यालयाच्या संगणककक्षातील सर्वांचा इंटरनेट पत्ता बहुधा एकच असतो. मर्यादा फार कडक ठेवली, तर हल्लेखोराऐवजी विद्यार्थीच बाहेर राहतात.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार अशा गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०२२ च्या निर्देशांनुसार अशा हल्ल्याची माहिती तो लक्षात आल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे.