मत्स्य-देहस्थिती : वाढ व पुष्टता यांच्या अभ्यासाचा इतिहास

माशाच्या लांबीच्या मानाने त्याच्या वजनाचे प्रमाण म्हणजे त्याची देहस्थिती वा पुष्टता होय. नदीतील अन्न, पाण्याची गुणवत्ता व ऋतुमान यांचे परिणाम तीवरून अजमावता येतात. तथापि मोजमापाचा अर्थ लावताना चुका होण्याचा संभव मोठा असतो. या विषयाचा इतिहास बव्हंशी अशा चुका टाळण्याच्या प्रयत्नांचा आहे.

वाढीचे मापन करण्यासाठी वय माहीत असावे लागते. स्वीडनमधील धर्मोपदेशक हान्स हेडरस्ट्रोम यांनी १७५९ मध्ये पाइक माशाच्या मणक्यांवरील वलये मोजून वय ठरविले. १८९८ मध्ये होफबाउअर यांनी कार्प माशाच्या खवल्यांवरील वलयांचा पद्धतशीर उपयोग केला. हिवाळ्यात वाढ मंदावल्याने थंड प्रदेशांत अशी वलये स्पष्ट उमटतात. भारतातील उबदार नद्यांत मात्र वीण व उपासमार यांमुळेही वलये पडतात. त्यामुळे प्रत्येक वलय म्हणजे एक वर्ष, असे पडताळणीवाचून मानता येत नाही.

स्कॉटलंडमधील टी. वेमिस फुल्टन यांनी १९०४ मध्ये सागरी माशांचे वजन व लांबीचा घन यांतील संबंध तपासला. ग्रॅममधील वजनाच्या शंभरपटीला सेंमी. लांबीच्या घनाने भागून येणारा गुणांक पुढे त्यांच्या नावाने रूढ झाला. उदा., १० सेंमी. लांब व १० ग्रॅ. वजनाच्या माशाचा गुणांक १ येतो. परंतु माशाचा आकार वाढीबरोबर बदलत असल्यास वजन लांबीच्या नेमक्या घनाच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून ई. डी. ल क्रेन यांनी १९५१ मध्ये इंग्लंडमधील विंडरमियर सरोवरातील पर्च माशांच्या अभ्यासात सापेक्ष गुणांक वापरला. त्यात प्रत्यक्ष वजनाची तुलना त्याच समूहातील तेवढ्या लांबीच्या माशाच्या अपेक्षित वजनाशी केली जाते.

लहान नदीमाशांच्या बाबतीत अधिक सावधगिरी लागते. ५ सेंमी. लांबीचा मासा मोजताना २ मिमी. जास्त धरले गेले, तर गुणांक सु. ११ टक्क्यांनी घटतो, ५० सेंमी. माशात हीच चूक सु. १ टक्क्याची ठरते. अंडी भरलेली मादी पुष्ट भासते व अंडी घातल्यावर एकाएकी रोडावते. भरलेल्या जठरामुळेही वजन वाढते.

दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केली व अनेक जातींना स्थानिक मराठी नावांवरून शास्त्रीय नावे दिली. त्या वर्णनांचा रोख जाती ओळखण्यावर होता. या नद्यांवर पुढे धरणे झाली, प्रवाह बदलले व शहरांचे सांडपाणी त्यांत मिसळू लागले. जाती टिकून असली, तरी तिची वाढ खुंटलेली असू शकते. हे केवळ नामसूचीवरून कळत नाही. त्यासाठी लिंग, ऋतू व वय यांच्या नोंदींसह वर्षानुवर्षे घेतलेली लांबी-वजनाची मोजमापे आवश्यक असतात. अशा नोंदींवाचून एकटा गुणांक दिशाभूल करू शकतो.