फोटोत न दिसणारी बाजू

सुरुवात एका फोटोनं करू. पडद्यावर दिसते आहे ती ‘रिव्हा अक्वारामा’. इटलीत, इझेओ तळ्याकाठच्या सार्निको गावात बांधलेली. हे मॉडेल पहिल्यांदा आलं १९६२ साली. लालसर महोगनी, तिच्यावर वॉर्निशचे थरावर थर, मधे क्रोमच्या पट्ट्या, मागे डोंगर आणि आरशासारखं तळं. कार्लो रिव्हाच्या या बोटी आपल्यापैकी कुणाच्या घरी नव्हत्या, कुणाच्या आजोबांनी चालवल्या नाहीत. तरी फोटो बघून मन जरा हळवं होतंच. जे आपलं कधी नव्हतंच त्याचंही स्मरणरंजन करता येतं, ही माणसाची मोठीच सोय आहे.

आज याच हळवेपणाबद्दल बोलायचं आहे. आमची तक्रार एवढीच, की तो बोटीच्या चुकीच्या बाजूवर खर्च होतो. वरचं लाकूड सुंदर आहे, वादच नाही. पण या बोटी ज्यांनी आखल्या त्यांचं डोकं जिथं चाललं ती जागा फोटोत येत नाही. ती पाण्याखाली असते. बोटीचा तळ.

तळाचा प्रश्न काय आहे ते आधी पाहू. साधी होडी पाणी बाजूला सारत पुढे जाते. वेग वाढवला की ती स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. नाळ वर, मागची बाजू खाली, आणि होडी जन्मभर आपलीच लाट चढत बसते. इंजिनाची ताकद दुप्पट केली तरी वेग जेमतेम वाढतो. यातून सुटायचा मार्ग एकच, पाणी कापायच्या ऐवजी पाण्यावर चढायचं. लहानपणी तळ्यात चपटा दगड आडवा फेकून तो किती टप्पे घेतो ते आपण सगळ्यांनी मोजलंय. तोच दगड सरळ टाकला तर बुडतो. दगड तोच, फरक पडतो तो वेगाचा आणि पाण्याला लागणाऱ्या कोनाचा.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडणाऱ्यांत एक होते इंग्लंडमधले पाद्री, रेव्हरंड रामुस. १८७२ साली त्यांनी आरमाराला सुचवलं, की जहाजाच्या तळाला पायरी करा, म्हणजे ते पाण्यावर उचललं जाईल. विल्यम फ्रूड या मोठ्या शास्त्रज्ञानं लहान नमुने करून ते तपासलं आणि सांगितलं, या वजनाला उचलण्याइतकं हलकं आणि जोरदार इंजिन जगात नाही. दोघांचंही बरोबर होतं. कल्पना तयार होती आणि इंजिन यायला तीसेक वर्षं अवकाश होता. वाफेचं इंजिन म्हणजे बॉयलर, कोळसा आणि पाणी, म्हणजे दगडाच्या गळ्यात दुसरा दगड. पेट्रोलचं इंजिन आलं आणि पाद्रीबुवांचा कागद एकदम खरा ठरला.

आता अमेरिकेत जाऊ. मिशिगन राज्यात सेंट क्लेअर नदीच्या काठी आल्गोनॅक नावाचं गाव आहे. तिथं ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ नावाचा माणूस बोटी बांधत असे. आईवडिलांनी नाव ठेवताना काय विचार केला असेल कोण जाणे, पण नाव सार्थ झालं. १९१६ मध्ये त्याच्या धंद्यात शिरला गारफिल्ड वुड, सगळे त्याला गार वुड म्हणत. ट्रकचा मागचा हौदा उचलणारा हायड्रॉलिक जॅक हा त्याचा शोध. आज रस्त्यावर खडी ओतणारा डंपर दिसतो ना, त्यातून गार वुडला पैसा मिळाला आणि तो सगळा त्यानं पाण्यात घातला. शब्दशः.

१९१७ ते १९२१ अशी सलग पाच वर्षं त्यानं अमेरिकेतला गोल्ड कप जिंकला. पहिलं महायुद्ध संपलं होतं, विमानांची लिबर्टी इंजिनं शिल्लक पडली होती, ती त्यानं बोटीत बसवली. १९२० मध्ये इंग्लंडला, आयल ऑफ वाइटच्या पाण्यात जाऊन ‘मिस अमेरिका’ बोटीनं हार्म्सवर्थ करंडक आणला. शेवटी गोल्ड कपच्या आयोजकांनी नियमच बदलले. विमानाची मोठी इंजिनं बंद, तळाच्या पायऱ्याही बंद. मग त्या नव्या नियमांत बसणारी बोट जॉर्ज क्राउचनं आखली, ‘बेबी बूटलेगर’. १९२४ आणि १९२५ चा कप तिचा. नाव लक्षात घ्या, दारूबंदीचे दिवस होते आणि डेट्रॉइट नदीच्या पलीकडे कॅनडा. वेगवान बोटींना तिथं शर्यतीखेरीज दुसरंही गिऱ्हाईक होतं.

गार वुडनं १९२५ साली हडसन नदीवर आल्बनीहून न्यूयॉर्कपर्यंत चक्क आगगाडीशी शर्यत लावली आणि जिंकली. १९३१ मध्ये त्यानं ताशी शंभर मैलांचा टप्पा ओलांडला. पुढच्या वर्षी ‘मिस अमेरिका दहावी’ ही चार पॅकार्ड इंजिनांची बोट १२४.८६ मैलांवर नेली, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटर. लाकडी बोट, बरं का.

पण आमच्या मते त्या काळातली जास्त मोठी घटना स्मिथच्या कारखान्यात घडत होती. १९२२ मध्ये स्मिथ आणि त्याची मुलं वेगळी झाली आणि त्यांनी एकाच मापाच्या, एकाच नमुन्याच्या बोटी बांधायला घेतल्या. हीच पुढे ‘ख्रिस-क्राफ्ट’ झाली. मोटारीसारखी बोट, ठरलेल्या किमतीला, दुकानातून. आज लिलावात या बोटींचं वर्णन करताना हातकारागिरीचे गोडवे गातात. हात होतेच, पण खुद्द स्मिथमंडळींचा अभिमान नेमका उलटा होता, की आमची दहावी बोट पहिलीसारखीच असते. पुढे १९५० च्या दशकात तर त्यांनी प्लायवूडचे कापलेले तुकडे खोक्यात घालून विकले, घरी न्या आणि स्वतः जोडा. ज्या बोटी आपल्याला हरवलेल्या कारागिरीचं प्रतीक वाटतात, त्यांनीच बोटबांधणीला कारखान्याची वाट दाखवली.

आता त्या पहिल्या फोटोकडे पुन्हा या. मागचं पाणी बघा. सपाट. रिव्हाचा फोटो तळ्यात, ख्रिस-क्राफ्टचा नदीत किंवा सरोवरात, नेहमी सकाळची वेळ आणि वारा पडलेला. हा फोटोग्राफरचा शौक नाही. जॉन हॅकरसारख्या आखणीकारांनी नाळेकडे तळाला छान धार दिली, पण मागच्या भागात तळ जवळजवळ सपाटच राहिला, कारण सपाट तळ पाण्यावर लवकर चढतो. शांत पाण्यात तो लोण्यासारखा धावतो, आणि लाट आली की फळीसारखा आपटतो. गेटवेहून मांडव्याला वारा सुटलेला असताना स्पीडबोटीनं गेला असाल तर त्या आपटण्याची थोडी चव तुमच्या पाठीला माहीत आहे. आणि ती तर सुधारलेली आवृत्ती. जुन्या बोटीत बसला असता तर मांडव्याला उतरून थेट हाडांच्या डॉक्टरकडे.

ही अडचण सोडवली बोस्टनकडच्या रे हंटनं. त्यानं या विद्येची पदवी घेतलेली नव्हती. त्याची युक्ती ऐकायला अगदी साधी आहे. नाळेशी असलेला इंग्रजी ‘व्ही’ मागे नेताना सपाट करायचा नाही, शेवटपर्यंत खोल ठेवायचा, मागच्या टोकालाही चोवीस अंशांच्या आसपास. तळाला लांबीच्या दिशेनं अरुंद पट्ट्या ठोकायच्या. बोट पडेल ती धारेवर पडेल, पाणी दोन्ही बाजूंना फेकलं जाईल, पट्ट्या तिला उचलून धरतील. सपाट तळाइतकी ती शांत पाण्यात धावत नाही, इंजिन जास्त लागतं. पण खवळलेल्या पाण्यात थांबावं लागत नाही.

१९५८ मध्ये न्यूपोर्टला अमेरिका कपच्या शिडाच्या शर्यती होत्या. तिथं हंटची तेवीस फुटी लहान बोट लाटांतून सुसाट जाताना डिक बर्ट्रम यांनी पाहिली आणि एकतीस फुटांची मागवली. तिचं नाव ‘मॉपी’. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत समुद्र चांगलाच खवळला होता. मॉपी आठ तासांत पोचली. दुसरी बोट दोन तासांनी आली, तीही हंटचीच. बाकीच्यांपैकी कुणी त्या दिवशी पोचलंच नाही. एका दिवसात चाळीस वर्षांची समजूत निकालात निघाली.

आणि मग काय झालं? त्याच लाकडी मॉपीवरून साचा घेतला आणि फायबरग्लासच्या बोटी पाडायला सुरुवात केली. लाकडी बोटींचं युग कुणी बाहेरच्यानं येऊन संपवलं नाही. एका लाकडी बोटीच्याच पोटातून तो साचा निघाला. हंटला मात्र पेटंट टिकवता आलं नाही, कारण अर्ज करण्याच्या वर्षभराहून अधिक आधी आराखडा छापून आलेला होता. आज जगातली बहुतेक प्रत्येक समुद्री स्पीडबोट त्याच्या तळावर चालते, आणि नाव ठाऊक आहे ते वॉर्निशवाल्यांचं.

आता ज्याच्यासाठी आम्ही हा विषय निवडला तो माणूस. रेनातो लेवी, सगळे त्याला सनी म्हणत. जन्म १९२६, कराचीचा. घराणं इटालियन. शिक्षण विमानांच्या आखणीचं. दुसरं महायुद्ध झाल्यावर, १९५० च्या सुमारास तो आला मुंबईला. इथं त्याच्या वडिलांची ‘आफ्को’ नावाची बोटी बांधणारी कंपनी होती. लाकडाचे पातळ थर आडवेतिडवे चिकटवून कवच तयार करायचं, विमानात वापरतात तसं, आणि त्याची हलकी, मजबूत बोट करायची, हे काम त्यानं इथं केलं. दहाएक वर्षं. मग १९६० च्या आसपास इटलीला गेला आणि तिथं गाजला.

खोल व्हीचाच विचार त्यानं आपल्या वाटेनं पुढे नेला. त्याची बोट वरून पाहिली तर त्रिकोणी दिसते, नाळ अरुंद आणि रुंदी मागे वाढत गेलेली. त्याला तो डेल्टा म्हणे. इंग्लंडची काउज-टॉर्की ही समुद्रातली शर्यत १९६३ मध्ये ‘आ स्पेरान्त्सिएला’ या स्वतः आखलेल्या बोटीनं त्यानं स्वतःच चालवून जिंकली. चार वर्षांनी हीच शर्यत त्याच्याच ‘सरफ्युरी’नं जिंकली, त्या बोटीत इंजिनं दोन आणि पंखा एकच. फियाटच्या जानी आन्येल्लींसाठीही त्यानं बोटी आखल्या. १९८६ मध्ये ‘व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर दुसरी’ या बोटीनं अटलांटिक ३ दिवस ८ तास ३१ मिनिटांत पार केला. ‘युनायटेड स्टेट्स’ या महाजहाजाचा १९५२ पासूनचा विक्रम दोन तासांहून थोडा अधिक फरकानं मोडला. बोट लेवीची. करंडक मात्र मिळाला नाही. तो ज्या अमेरिकन संग्रहालयाकडे होता त्यांचं म्हणणं, हे काही उतारू नेणारं जहाज नव्हे. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा.

लेवीनं आपल्या कामावर पुस्तक लिहिलं, १९७१ मध्ये. नाव ‘धाऊज टू डेल्टाज’. धाऊ म्हणजे अरबी समुद्रातली शिडाची गलबतं. आपल्या वाटचालीचं पहिलं टोक त्यानं कुठं ठेवलं, बघा. आपल्याकडे मुंबईच्या जहाजबांधणीचा विषय निघाला की वाडियांचं नाव येतं, सागवानी ‘त्रिंकोमाली’ येते, १८१७ ची आणि अजून इंग्लंडमध्ये तरंगणारी. यायलाच हवं. पण गोष्ट तिथंच थांबते. विसाव्या शतकातल्या एका मोठ्या आखणीकाराचा हात याच शहरात बसला, हे आमच्याही ध्यानात फार उशिरा आलं. २०१६ मध्ये तो गेला.

शेवटी जतन करणाऱ्यांविषयी. लोक खूप प्रेमानं जुन्या बोटी दुरुस्त करतात, वर्षं घालवतात. त्यांना नावं ठेवायची नाहीत, त्यांच्यामुळेच ‘बेबी बूटलेगर’ आज बघायला मिळते. पण काम कसं चालतं ते पाहा. डेकची मूळ फळी वाचवायला जिवाचा आटापिटा, आणि तळ सडलेला किंवा गळका असतो म्हणून बहुतेकदा काढून टाकतात. त्या जागी नवं लाकूड, नवा चिकट मसाला. बोट गळत नाही, मालक खूश. तळाचा आकार तोच ठेवला तर ठीक, पण तो तोच राहिला का, हे किती जण मोजून बघतात? आखणीकारानं ज्यावर आयुष्य घातलं तो भाग सगळ्यात आधी भंगारात जातो, आणि त्याची मापं कागदावर घेतलेली नसतील तर ती कायमची गेली. आमचं म्हणणं इतकंच, तोडण्याआधी मापं घ्या. एक दोरी, एक ओळंबा आणि दोन दिवस लागतात.

हे आपल्याकडेही लागू आहे. पावसाळ्यात मांडव्याला, रेवसला बोटी काठावर ओढून ठेवतात. एरवी पाण्याखाली असणारा भाग तेव्हा उघडा असतो. ताडपत्रीखाली वाकून बघा, मालकाला विचारून. मागच्या टोकाशी व्ही किती खोल आहे, पट्ट्या किती, कुठं संपतात. शेजारी एखादा जुना मचवा शाकारून ठेवलेला असेल, त्याचाही तळ बघा. दोन्हींचे फोटो काढून आणलेत तर पुढच्या वेळी पडद्यावर लावू. हं, आता प्रश्न. मागे हात वर दिसतोय, बोला.