अकॅलेशिया : गिळण्याचा अडथळा दूर करणारी शस्त्रक्रिया

अन्ननलिकेच्या टोकाचा वर्तुळाकार स्नायू गिळताना सैल न पडण्याच्या विकारास 'अकॅलेशिया' म्हणतात. घास, कित्येकदा पाणीही, छातीत अडकते आणि वजन घटते. हा त्रास आम्लपित्त समजला गेल्याने निदान लांबते. जर्मन शल्यविशारद अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये हा स्नायू छेदण्याची शस्त्रक्रिया केली. आता ती दुर्बिणीद्वारे होते. आम्ल वर चढू नये म्हणून जठराचा भाग अन्ननलिकेशी टाकला जातो. जपानमध्ये हारुहिरो इनोऊ यांनी २००८ मध्ये तोंडावाटे एंडोस्कोपने करावयाची 'पोएम' पद्धत अवलंबिली. तीत पोटावर छेद नसतो. मात्र नंतर आम्लाचा त्रास अधिक संभवतो. शस्त्रक्रियेने अडथळा दूर होतो, परंतु अन्ननलिकेची हालचाल सहसा पूर्ववत होत नाही. त्यामुळे सावकाश जेवणे आणि नियमित तपासणी आवश्यक ठरते.